बारा गेरची गाडी अन् माहा शहाणा कान

चहा अजून गरम हाय, तवर माही फजिती ऐकून घ्या. हसाचं असन तं हसा, पण कप खाली ठेवून हसा. मागच्या खेपेले सांगतली तवा एकाच्या सदऱ्यावर सांडला होता, अन् त्याची बायको अजून मलेच बोल लावते.

तुमाले ठाऊकच हाय, मी उभी जिंदगी टोचनची, म्हंजे बंद गाड्या ओढून न्याची, क्रेन चालवली. अकोला ते अमरावती या रस्त्यानं कोणाचा ट्रक बंद पडला, नालीत गेला, पलटी झाला, का बोलावणं मले. शाळा मी बाहेरूनच पायली. माही शाळा म्हंजे माहे कान. इंजनचा आवाज ऐकला, का कोणता गेर पायजे ते समजे. अन् आमच्या धंद्यात एक नियम होता. चढावर डायवरशी कोणी बोलाचं नाही. जो बोलला, तो खाली उतरला. सख्ख्या साळ्याले मी मूर्तिजापूरच्या अलीकडे उतरवून देल्लं होतं. तो अजून दिवाळीले येत नाही.

गुडघे गेले तशी क्रेन गफूरले देल्ली. गफूर म्हंजे माहा जुना जोडीदार. अन् धंदा? तो माह्या पोरीनं, वनितानं, हाती घेतला. तिनं गाडीही नवी आणली. टोचनचीच, भल्ली मोठी, पण आटोमॅटिक. क्लच नाही. गेरचा दांडा नाही. एक गोल बटन, ते फिरवलं का झालं.

मी म्हटलं, "वनिते, हे गाडी हाय का मिक्सर?"

"बाबा, यात बारा गेर हायेत. आपल्या जुनीत सहा होते."

"बारा? अन् ते टाकते कोण?"

"गाडीच टाकते."

"मंग तू काय करशीन?"

"मी रस्ता पाहीन."

मले काही पटलं नाही. पण म्हाताऱ्याले पटलं नाही म्हणून गाडी काही परत जात नाही.

लोकाइलेही पटत नव्हतं. पोरीच्या हातची बटनाची गाडी वजन ओढन का, असं जो तो इचारे. कामच येईना. मंग बडनेऱ्याच्या एका ट्रान्सपोर्टवाल्या शेठनं बोलावलं. त्याइच्या गाड्या या रस्त्यानं सारख्या चालते. शेठ म्हणाले, "वनिता, बोरगाव मंजूजवळ माहा ट्रक बंद पडला हाय. सरकीच्या ढेपेनं भरला हाय. ऊन उतराच्या आत बडनेऱ्याले आणून दाखव. जमलं तं आमच्या साऱ्या गाड्याइचं टोचन तुह्याकडे. नाही जमलं तं राग मानू नको, मी जुनाच माणूस धरीन."

आता अशा दिवशी बापानं घरी बसावं का? तुमीच सांगा. मी म्हटलं, मी संग येतो. मुका बसतो.

मुका बसलोही. वनितानं ट्रकचं तोंड उचललं, साखळ्या लावल्या, गाडी काढली. सारं बरोबर. मी आपला बाजूले बसून कान लावला. पयला गेर. दुसरा. तिसरा. सहाव्यावर मी समाधानानं डोळे मिटले. म्हटलं, लागली गाडी.

तवर पुन्हा आवाज बदलला.

मी डोळे उघडले. अजून बदलला. थोडा चढ आला तं खाली आला, सपाटी आली तं वर गेला. माह्या हिशेबानं सहाव्या गेरनंतर गाडीजवळ द्याले काही उरत नाही. अन् हे तं देऊनच राहिली होती.

"वनिते, गाडी बाजूले घे."

"काहून बाबा?"

"गेर टिकत नाही. निसटून राहिला."

"बाबा, ते बारा हायेत म्हणून..."

"बारा कागदावर असतीन. गेरबॉक्स गेला, माहा कान सांगून राहिला."

तिनं गाडी बाजूले घेतली. मी चावी काढून बंडीच्या खिशात टाकली.

"बाबा, शेठ वाट पाहून राहिले."

"म्हणूनच म्हणतो. भर रस्त्यात नवी गाडी बसली तं कोणी उभं करणार नाही तुले."

खरं सांगतो, मले तिचीच काळजी होती. काळजी असली का माणूस जास्तच शहाणा होते. मी गफूरले फोन लावला. तो मूर्तिजापुरात चहा पेत होता, तो आपली जुनी क्रेन, म्हंजे माहीच क्रेन, घेऊन आला. खाली उतरून नव्या गाडीभोवती एक चक्कर मारली.

"भाऊ, टोचनच्या गाडीलेच टोचन? मी तं हे पयल्यांदा पाहून राहिलो."

"तू ओढाचा दांडा लाव."

वनिता म्हणाली, "बाबा, कंपनीवाला सांगत होता, हे गाडी अशी ओढाची नसते..."

"कंपनीवाल्यानं कधी टोचन केलं हाय का?"

गफूर लोखंडी दांडा लावता लावता म्हणाला, "इंजन तं चालू ठेवा लागन भाऊ. नाही तं हवेचे ब्रेक सुटत नाही." म्हणून मी चावी परत देल्ली. पण बजावलं, "बटन न्यूट्रलवर राहू दे, हात लावू नको."

तिनं माह्याकडे पायलं. भाजीत मीठ कमी हाय असं मी न चाखता म्हणतो, तवा तिची माय पाहाते ना, तसं. अन् म्हणाली, "तुमी बसा बाबा, गफूरचाचाजवळ." ती हो म्हणालीच नव्हती, हे मले लय उशिरा समजलं.

निघाली आमची वरात. पुढे जुनी क्रेन, तिच्या मागं दांड्यानं बांधलेली नवी कोरी गाडी, तिच्या मागं तोंड वर केलेला ढेपेचा ट्रक. टपरीवरचे लोक कप घेऊन रस्त्यावर आले. एक स्कूटरवाला बाजूनं चालत चालत इचारते, "काका, यातली बिघडली कोणती?"

मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. माही छाती फुगली होती. "पाय गफूर, दोन दोन गाड्याइचं वजन हाय, पण हूं का चूं नाही. लोखंड होतं त्या काळचं."

"हां भाऊ. आज तं लयच हलकी चालून राहिली."

बडनेऱ्याच्या अलीकडे रेल्वेवरचा पूल आला. मी नियमानं तोंड बंद केलं. चढ सुरू झाला तसा एक जळका वास आला. म्हटलं, मागं ढेप हाय, तिचा असन.

"भाऊ..." गफूर म्हणाला.

"चढ हाय. बोलू नको."

"पण भाऊ..."

मी ओठावर बोट ठेवलं. बिचारा चूप बसला. गाडी पूल चढली, पाखरासारखी चढली. वर आल्यावर मी त्याच्या पाठीवर थाप मारली. "आता बोल."

"भाऊ, माही घासलेली क्लचप्लेट चढ लागताच गेली. तवाधरून गाडी न्यूट्रलमधी हाय."

"मंग पूल कोण चढलं?"

गफूरनं नुसतं आरशाकडे बोट केलं. आरशात वनिता दिसत होती. एका हातानं स्टेरिंग धरून दुसऱ्या हातानं ओढणी सारखी करून राहिली होती.

खाली शेठ उभेच होते. ऊन अजून होतं. त्याइनं आपला ट्रक पायला, नवी गाडी पायली, मंग क्रेन पायली, अन् क्रेनमधून उतरणारा मी. "वनिता, माहा तं एकच ट्रक होता. हे पुढची क्रेन कोणाची?"

मी मनात म्हटलं, संपलं. पोरीचं काम मी माह्या हातानं बुडवलं.

वनिता शांतपणे म्हणाली, "तिची क्लचप्लेट गेली शेठजी. म्हटलं, रस्त्यातच हाय, हेही घेऊन चला."

शेठनं पुढचा दांडा अन् मागच्या साखळ्या पायल्या. मंग म्हणाले, "मागचा ट्रक ओढला अन् पुढची क्रेन ढकलली? उद्यापासून आमच्या गाड्या तुह्याकडे, बाई."

शेठ गेल्यावर मी तिच्याजवळ गेलो. "तू पुलावर बटन फिरवलं का वं?"

"पुलावर नाही बाबा. न्यूट्रलमधी ओढली तं या गाडीचा गेरबॉक्सच जळते, तेच सांगत होती मी तुमाले. म्हणून पयल्यापासून गेरमधीच होती."

पयल्यापासून. म्हंजे त्या काळच्या लोखंडानं त्या दिवशी बोटभरही काही ओढलं नव्हतं.

आता उरली क्रेन. ते अकोल्याले परत न्यावी लागन. वनितानं तिले मागं जोडली. ब्रेकले हवा मिळाले पायजे म्हणून इंजन चालू, अन् स्टेरिंगवर कोणीतरी बसाले पायजे. गफूर म्हणाला, "भाऊ, मी तं नव्या गाडीत बसतो. एसी हाय." मंग राहिलं कोण? मी बसलो माह्या जुन्या क्रेनमधी, लेकीच्या गाडीमागं.

पुन्हा तोच पूल आला. माहा फोन वाजला. वनिता होती. तिच्या गाडीत आता चढावर बोलता येते.

"बाबा, बरे हाव ना?"

"चढ हाय, बोलू नको," म्हणून मी फोन ठेवला, डावा पाय दाबला, अन् जळलेल्या क्लचच्या गाडीचा गेर बदलवला.