निळ्याखाली निळा

मला राग लवकर येतो. आई म्हणते, पाळण्यातसुद्धा तू मुठी आवळून रडायचीस. आई स्वतः मात्र ‘जाऊ दे’ या दोन शब्दांवर जगलेली बाई. रिक्षावाल्याने जास्त घेतले, जाऊ दे. शेजारीण टाकून बोलली, जाऊ दे. तिचं ‘जाऊ दे’ ऐकलं की मला समोरच्याहून तिचाच जास्त राग यायचा.

ती चिकलठाण्याला औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला होती. बसमधून जालना रोडने जाता-येता गाड्यांची शोरूम्स तिला दिसायची. मी कॉलेजात गणित शिकवायला लागले, बस्तान बसलं आणि आम्ही त्यातल्याच एका शोरूममधून गाडी घेतली. घराण्यातली पहिली. रंग आईने निवडला. निळा. विकणारा म्हणाला, "मावशी, पांढरी घ्या, पुढं विकायला बरी पडते." आई म्हणाली, "विकायला नाय घेत बाबा. बसायला घेतोय."

गाडी ताब्यात मिळाली तो दिवस मला अजून लख्ख आठवतो. वरचं लाल कापड ओढलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि तिथली एक बाई ताट घेऊन आली. नारळ, हार, हळद-कुंकू. तिने बोट कुंकवात बुडवलं आणि बॉनेटवर स्वस्तिक काढायला वाकली. आई हळू आवाजात म्हणाली, "नको बाई. आमच्यात नसतं." त्या बाईचं बोट तसंच हवेत राहिलं. मग तिने ते रुमालाला पुसलं आणि ताट घेऊन गेली. आईने हात जोडले, ओठांतल्या ओठांत त्रिशरण म्हटलं आणि बॉनेटवर तळहात ठेवला. शोरूमच्याच माणसाने आमचा फोटो काढला. तो आजही आमच्या टीव्हीवर लावलेला आहे.

वर्षही सरलं नव्हतं आणि बॉनेटवर फोड आले. तव्यावरच्या पापडाला येतात तसे. मग ते फुटले आणि रंगाचे पापुद्रे सुटायला लागले. मी नखाने एक पापुद्रा उचलला तर खाली पत्रा नव्हता. खाली निळाच रंग होता, गुळगुळीत, चकचकीत. निळ्याखाली निळा. मला गाड्यांतलं काही कळत नाही, पण एवढं कळायला शिक्षण लागत नाही. कोऱ्या गाडीवर रंगाचा दुसरा थर चढतो कसा? आम्हाला देण्याआधीच हे बॉनेट कुठेतरी खरचटलं होतं आणि कुणीतरी त्यावर घाईघाईत रंग मारून ते आमच्या गळ्यात मारलं होतं.

त्यात मामाच्या मुलीचं लग्न तोंडावर आलेलं. आईचं माहेर सोयगावकडचं. ‘माझ्या लेकीच्या गाडीत येणार’ असं तिने फोन करकरून सगळ्या गावाला सांगून ठेवलं होतं. आता ती येता-जाता बॉनेटकडे बघायची. शेवटी म्हणाली, "आपण बसनंच जाऊ. लोक म्हणतील, जुनीच घेतली अन् नवी म्हणून सांगती." माझ्या आईने उभ्या आयुष्यात एकदाच मिरवायचं ठरवलं होतं. तेवढंही या लोकांनी तिला मिळू दिलं नाही.

मी गाडी घेऊन शोरूमच्या वर्कशॉपमध्ये गेले. विकताना थंड सरबत, मावशी-मावशी करत खुर्च्या पुढे. आता अर्धा दिवस कुणी बसा म्हणेना. गरज सरो, वैद्य मरो. अखेर सर्व्हिस मॅनेजर बाहेर आला. पोट सुटलेला, टाय लावलेला, पन्नाशीचा. बॉनेटला हात न लावता, लांबूनच बघून म्हणाला, "मॅडम, ये तो कुंकू का केस है."

"काय?"

"लोक पूजा करतात आणि कुंकू तसंच ठेवतात. त्यात केमिकल असतं, वरून आपल्याकडचं ऊन. रंग जळतो. हे वॉरंटीत बसत नाही."

"आम्ही कुंकू लावलं नाही."

तो हसला. लहान मूल खोटं बोलल्यावर मोठी माणसं हसतात तसं. "मॅडम, सगळेच लावतात. आमच्याकडे प्रत्येक गाडीची पूजा होते. आमचीच बाई करते."

मी म्हटलं, मग तुमच्या बाईने लावलं तर जबाबदार तुम्ही. तो म्हणाला, पूजा ग्राहकाच्या श्रद्धेने होते. मी म्हटलं, खाली दुसरा रंग दिसतोय, कुंकवाखाली रंग उगवतो का? तो म्हणाला, रंगाआधी पत्र्यावर मारतात तो प्रायमर असेल. निळा, चकचकीत प्रायमर! चोर तो चोर, वर शिरजोर.

एका वाक्यात मी त्याचं तोंड बंद करू शकले असते. ते वाक्य माझ्या जिभेवर होतं आणि मी ते बोलत नव्हते. का बोलू? गाडीचा रंग खराब निघाला. तो सिद्ध करायला मी कोण, कुठली, कुणाला हात जोडते, हे मी वर्कशॉपच्या काउंटरवर, ऑइल बदलायला आलेल्या दहा माणसांसमोर का सांगायचं? शाळेत सांगितलं. घर भाड्याने घेताना सांगितलं, आणि त्यानंतर ते घर कसं एकाएकी ‘नातेवाइकांना द्यायचंय’ झालं तेही बघितलं. आता बॉनेटसाठीही सांगू?

मी घरी आले आणि कंपनीला तक्रार लिहिली. कंपनीने ती वाचून परत त्याच मॅनेजरकडे पाठवली. मांजराकडेच दुधाची चौकशी. त्याने मला पुन्हा बोलावलं. या वेळी आई म्हणाली, मीपण येते.

ती इस्त्रीची पांढरी साडी नेसली. टीव्हीवरचा फोटो तिने काढून पिशवीत घातला. मॅनेजरने पुन्हा कुंकवाची कॅसेट लावली तेव्हा तिने तो टेबलावर ठेवला आणि शांतपणे म्हणाली, "बघा साहेब. कुठंय कुंकू? आम्ही बुद्धाचे लोक हाय. आमच्यात नाय लावत. तुमच्या बाईला मीच नको म्हणलं व्हतं."

जे सांगायचं नाही म्हणून मी दात आवळून बसले होते, ते तिने वेळ सांगावी इतक्या सहज सांगितलं. मॅनेजरने फोटो बघितला. आईकडे बघितलं. मला वाटलं, आता तरी माणूस ओशाळेल. तो म्हणाला, "अच्छा अच्छा. मग मेणबत्तीचं मेण सांडलं असेल. तुमच्यात मेणबत्ती लावतात ना?"

त्या क्षणी त्याच्या टेबलावरचा पेपरवेट माझ्या हाताशी होता. मी तो उचलला नाही, याचं श्रेय माझं नाही. आईने माझा हात धरून ठेवला होता. बॉनेटवर मेणबत्ती कोण लावतं? पण त्याला उत्तर नकोच होतं. दोष आमचा, एवढं त्याचं आधीच ठरलेलं होतं. कुंकू नसेल तर मेण, मेण नसेल तर आणखी काही.

मी ओरडले. काय ओरडले ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. काचेपलीकडची माणसं उभी राहून बघायला लागली. तेव्हा मॅनेजरचा सूर एकदम खाली आला. "मॅडम, शांत व्हा. आपण मार्ग काढू. बॉनेट मोफत रंगवून देतो, चार दिवसांत. फक्त लिहून द्या, रंग बाहेरच्या पदार्थाने खराब झाला. वॉरंटी नाही, आम्ही गुडविल म्हणून करतोय."

चार दिवस. लग्न आठ दिवसांवर. आई निळ्या, चकचकीत गाडीतून माहेरी उतरली असती. मी दमले होते. मला त्या माणसाचं तोंडसुद्धा पुन्हा बघायचं नव्हतं. मरो तो कागद, असं म्हणून मी पेन उचललं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या मनात आलं, जाऊ दे.

"गुडविल म्हंजे काय गं?" आईने विचारलं.

"म्हणजे चूक आपली आहे, तरी ते उपकार म्हणून करून देतात."

आईने माझ्या हातातलं पेन काढून घेतलं आणि टोपण लावून टेबलावर ठेवलं. मग मॅनेजरला म्हणाली, "साहेब, मी ल्हान असताना आमाला विहिरीला शिवू देत नव्हते. वरून ओंजळीत पाणी वतायचे. अन् वतणारी बाई वर म्हणायची, बघ, माझ्यामुळं पाणी पेतीस. त्यालाबी उपकारच म्हणत व्हते." तिने फोटो पिशवीत ठेवला. "चल गं."

तो काहीतरी म्हणत होता, मावशी तुम्ही कुठली गोष्ट कुठे नेता वगैरे. आम्ही थांबलो नाही. घरी येऊन मी ग्राहक आयोगात तक्रार केली. सोबत पापुद्र्याखालच्या रंगाचे फोटो जोडले, आणि आईच्या हट्टामुळे टीव्हीवरच्या फोटोची प्रतही. तारखा अजून पडतायत.

लग्नाला आम्ही त्याच गाडीतून गेलो. मी म्हटलं, बॉनेटवर कव्हर टाकू का? आई म्हणाली, "कशाला? आपण रंग काढला का?" अजिंठ्याच्या घाटात वाऱ्याने आणखी एक पापुद्रा उडून काचेवर आपटला. आई तो लांब जाईपर्यंत बघत राहिली.

मांडवाच्या दारात मामा पुढे आला. चार पाहुणे, शेजारपाजारच्या बायका गाडीभोवती जमल्या. मामाने सोललेल्या बॉनेटवरून हात फिरवला. "आक्का, नव्या गाडीला हे काय झालं?"

"रंग खोटा दिला त्यांनी. अन् आमचंच चुकलं म्हणून लिहून मागत व्हते."

"जाऊ दे आक्का," मामा म्हणाला, "मोठ्या लोकांच्या नादी कशाला लागायचं."

"का म्हणून जाऊ देऊ?" आई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "भांडतोय आम्ही."

लोक आपली मुलगी डॉक्टर झाली म्हणून सांगतात, तशी ती ते सांगत होती. मग तिने पदर सारखा केला आणि मांडवात पुढच्या रांगेत जाऊन बसली.