समोरच्याची व्याख्या

लढाई संपली होती आणि स्वराज्य अजून यायचं होतं, त्या मधल्या काळात मी कॉलेजात होते. कॉलेज विश्रामबागला, आमचं घर सांगलीत पेठेच्या मागे. सकाळच्या छोट्या गाडीनं जायचं, दुपारच्या गाडीनं परत यायचं. गाडीत, वर्गात, वाचनालयाच्या पायऱ्यांवर सगळीकडे एकच बोलणं चाललेलं असायचं, इंग्रज गेल्यावर देश चालवायचा कसा. रॉकेल आणि साखर रेशनवर होती, मतांना मात्र तोटा नव्हता.

अर्थशास्त्राच्या वर्गात आम्ही दोघीच मुली. दुसरी फारसं बोलत नसे, ती कसर मी भरून काढायचे. मी खादी नेसायचे आणि स्वतःला समाजवादी म्हणवून घ्यायचे. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, पेठेत हळदीचे अडते होते. शेतकऱ्यांनी आणलेली हळद विकून द्यायची, चांगली दिसली तर स्वतः घेऊन ठेवायची, भाव चढला की काढायची, हा त्यांचा धंदा. मुलगी समाजवादी झाली म्हणून त्यांनी कधी आरडाओरडा केला नाही. फक्त जेवताना विचारायचे, "तुझ्या राज्यात मी कुठं बसायचं, तेवढं आधी सांगून ठेव."

वर्गातला माझा मुख्य विरोधक कोरेगावच्या बाजूच्या एका खेड्यातला होता. घरचा ऊस, थोरला भाऊ पलटणीत. भावाचा खाकी कोट घालून तो वसतिगृहातून यायचा. पाहणाऱ्याला वाटे, आमच्या बाजू चुकून बदलल्या आहेत. व्यापाऱ्याची मुलगी समाजवाद सांगतेय आणि शेतकऱ्याचा मुलगा भांडवलशाहीचं वकीलपत्र घेतोय! पण त्याचं म्हणणं सरळ होतं. एरवी तो पुस्तकी मराठी बोलायचा, चिडला की मात्र गावाकडची भाषा यायची. "आमच्या आज्यानं कातळ फोडून हीर काढली. ती हीर उद्या सरकारची म्हणाल, तर मी तुमच्या बाजूला कसा यीन?"

कॉलेजच्या वादविवाद मंडळात आमची जुंपली ती अशी. विषय होता 'स्वतंत्र हिंदुस्थानाला भांडवलशाही हवी की समाजवाद'. मी उठून सुरुवात केली, "भांडवलशाही म्हणजे दुसऱ्याच्या घामावर जगण्याची व्यवस्था."

तो ताडकन उभा राहिला. "हरकत आहे. ही व्याख्या नाही, ही शिवी आहे."

"मग तुम्ही समाजवादाची करून दाखवा."

"समाजवाद म्हणजे सगळ्यांना सारखंच गरीब करण्याची योजना."

"आणि ही काय ओवी झाली?"

सभागृह खदखदून हसलं. मग दोन्हीकडचे लोक उठून आपापली व्याख्या ओरडून सांगू लागले. घंटा झाली तेव्हा विषयाला कुणी हातही लावलेला नव्हता. अध्यक्ष आमचे अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. हळू आवाजाचा, दम्याचा माणूस. सभा संपल्यावर त्यांनी आम्हा दोघांना खोलीत बोलावलं. मला वाटलं, आता बोलणी खावी लागणार.

ते म्हणाले, "साताऱ्याला आंतरकॉलेज वादविवाद आहे. प्रत्येक कॉलेजचे दोन वक्ते, एक ह्या बाजूचा, एक त्या बाजूचा. तुम्ही दोघं जायचं. पण एक अट आहे. भांडवलशाहीची व्याख्या ह्या मुलीनं करायची आणि समाजवादाची तू. समोरचा जेव्हा म्हणेल, 'होय, मला हेच म्हणायचंय', तेव्हा ती पक्की. मग खुशाल खोडून काढा."

आम्ही दोघंही सोपं काम मिळाल्यासारखे बाहेर आलो. आठवडाभरात कळलं की सोपं काही नव्हतं.

दुपारची गाडी येईपर्यंत आम्ही वाचनालयाच्या पायऱ्यांवर बसायचो. वर्गातली दुसरी मुलगी सोबतीला असायची, भुईमुगाच्या शेंगा फोडत. मी म्हटलं, "भांडवलशाही म्हणजे नफ्यासाठी उत्पादन." तो म्हणाला, "माझी आई परसातल्या शेवग्याच्या शेंगा बाजारात विकते. ती भांडवलदार का?" मी शब्द मागे घेतला. मग त्याची पाळी. "समाजवादात सगळं सरकारचं असतं."

"सरकारचं नाही, समाजाचं."

"ह्यो समाज भेटतो कुठं? त्याच्या वतीनं सही कोण करतं?"

मी रागावून वही मिटली. शेंगा फोडणारी म्हणाली, "तुम्ही दोघं लग्नाच्या याद्या करायला बसलेल्या व्याह्यांसारखे दिसता." आम्ही दोघंही तिच्यावर चिडलो, आणि निदान तेवढ्यावर आमचं एकमत झालं.

गाडी अडली ती 'भांडवल' ह्या शब्दापाशी. भांडवल म्हणजे पैसा, असं मी म्हणे. भांडवल म्हणजे मेहनत करून मागे ठेवलेली वस्तू, असं तो म्हणे. एका संध्याकाळी मी घरी हा घोळ सांगितला. अण्णा हात धूत होते. पंच्याला हात पुसत म्हणाले, "त्याला रविवारी घेऊन ये. भांडवल काय असतं ते हरिपूरला दाखवतो."

आईनं भुवया उंचावल्या. परका मुलगा, आणि रविवारी टांग्यातून हरिपूरला! पण अण्णा स्वतः बरोबर होते, तेव्हा तिला काही बोलता येईना. तिनं डब्यात धपाटी बांधून दिली, एकदोन जास्तच.

हरिपूरला जमिनीत हळदीची पेवं आहेत. बाहेरून काही दिसत नाही. शेतासारखी सपाट जमीन, मध्येच मातीनं लिंपलेलं एक तोंड. आत मात्र खोलीएवढी पोकळी असते. तिथली माती ओल धरत नाही, हळद वर्षानुवर्षं तशीच राहते. त्या दिवशी अण्णांचं एक पेव रिकामं करायचं होतं. तोंड आदल्या दिवशीच उघडून ठेवलं होतं. हमालानं दोराला कंदील बांधून आत सोडला. आतली हवा कोंडलेली असते, कंदील विझला तर माणसानं उतरायचं नसतं. आम्ही सगळे वाकून बघत राहिलो. ज्योत जरा बारीक झाली आणि मग स्थिर जळू लागली.

"मी उतरून बघू?" त्यानं एकदम विचारलं.

अण्णांनी त्याच्याकडे पाहिलं. "कोट काढून ठेव."

तो दोर धरून हमालाच्या मागोमाग आत गेला. बराच वेळ आतून नुसतं घुमल्यासारखं बोलणं ऐकू येत होतं. वर आला तेव्हा केसांपासून पायांपर्यंत पिवळा झाला होता, भुवयासुद्धा. मला हसू आवरेना. हमालही हसायला लागले. तोही हसला, तेव्हा पिवळ्या चेहऱ्यात फक्त दात पांढरे दिसले.

कडुलिंबाखाली बसून आम्ही धपाटी खाल्ली. अण्णा म्हणाले, "हे बघ, ही हळद मी घेतली तेव्हा भाव पडलेला होता. सगळे म्हणत होते, वेडा आहे. मी वाट बघितली. आता भाव आला. भांडवल म्हणजे काय, तर वाट बघण्याची ताकद. त्यात धोका आहे. पेवात पाणी शिरलं असतं तर माझं सगळं गेलं असतं. मग जो धोका घेतो त्यानं फायदा का घेऊ नये?"

मला वाटलं, आता हा मान डोलावणार. भांडवलशाहीचा वकील तो! पण त्यानं हातातला घास परत डब्यात ठेवला. मग म्हणाला, "आवं अण्णा, पण वाट बघायला पोट भरलेलं लागतं की."

"म्हणजे?"

"ज्यानं ही हळद पिकवली, त्यालाबी ठावं असतं भाव चढणार म्हणून. पण त्याला शिमग्याच्या आत विकावीच लागती. घरात लगीन असतं, बैल घ्यायचा असतो. त्याच्यापाशी पेव न्हाई असं न्हाई, त्याच्यापाशी वेळ न्हाई. तुमी हळद न्हाई घेतली, तुमी त्याचा वेळ घेतला."

मी चकित झाले. त्याहून चकित झाले ते स्वतःच्या बोलण्यानं, कारण मी लगेच अण्णांच्या बाजूनं भांडायला लागले होते. "पण अण्णांनी घेतली नसती तर त्यानं लग्न कसं केलं असतं? पडत्या भावात घेणारा कुणीतरी लागतोच ना?" बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की मी भांडवलशाही सांगतेय आणि तो समाजवाद. त्याच्याही ते लक्षात आलं.

अण्णा मात्र खूश झाले होते. व्यापारात समोरच्यानं भाव पाडून मागितला की त्यांच्या डोळ्यांत जी चमक यायची, ती आली होती. "पोरा, तू म्हणतोस ते खरं आहे," ते म्हणाले. "माझं म्हणणंही खरं आहे. आता ही दोन्ही एका वाक्यात बसवा, म्हणजे तुमचं काम झालं."

परतताना टांग्यात आम्ही मोठमोठ्यानं वाक्यं जुळवत होतो. टांगेवाला अधूनमधून मागे वळून बघायचा. दुसऱ्या दिवशी माझा विरोधक कॉलेजात आला तेव्हा नखं आणि कानांच्या पाळ्या पिवळ्याच होत्या. वसतिगृहातली मुलं पुढे कितीतरी दिवस त्याला नवरदेव म्हणत.

साताऱ्याला अण्णा माझ्याबरोबर आले. मिरजेहून गाडी, पुढं मोटार. वादविवाद एका जुन्या वाचनालयाच्या दिवाणखान्यात होता. गर्दी इतकी की खिडक्यांतही माणसं बसलेली. त्याची आई आणि रजेवर आलेला पलटणीतला भाऊ बैलगाडी जोडून आले होते. आई पुढच्या रांगेत पदर सावरून बसली होती.

मी उठले आणि सांगितलं, "भांडवलशाही म्हणजे अशी व्यवस्था, जिच्यात जमीन, हत्यारं, कारखाने आणि साठवलेला माल खाजगी मालकीचा असतो. काय पिकवायचं, कधी विकायचं हे मालक बाजार बघून ठरवतो. फायदा त्याचा, बुडालं तर बुडणंही त्याचंच. आणि ज्याच्यापाशी वाट बघण्याइतकं काही नसतं, तो आपली मेहनत किंवा आपलं पीक मिळेल त्या भावाला विकतो." मग वळून विचारलं, "तुम्हाला हेच म्हणायचंय ना?"

"होय," तो म्हणाला. शेवटच्या वाक्यासाठी आम्ही पायऱ्यांवर दोन दुपारी भांडलो होतो.

त्यानं सांगितलं, "समाजवाद म्हणजे अशी व्यवस्था, जिच्यात पुष्कळांचं पोट ज्यांच्यावर चालतं ती मोठी साधनं एकट्यादुकट्याच्या मालकीची राहत नाहीत. त्यांचं काय करायचं ते त्यांच्यावर राबणारे आणि त्यांचा माल वापरणारे मिळून ठरवतात. ज्याच्यावर माणूस स्वतः राबतो, ते त्याचंच राहतं." हे शेवटचं वाक्य माझ्याकडून त्याला मिळालं होतं, आज्याच्या विहिरीसाठी.

"होय," मी म्हणाले, "मला हेच म्हणायचंय."

खिडक्यांतली माणसं एकमेकांकडे बघू लागली. मग आम्ही वाद घातला, आणि चांगला घातला. तो म्हणाला, मिळून ठरवणाऱ्यांत जो मोठ्यानं बोलेल तोच मालक होईल. मी म्हटलं, मोठ्यानं बोलणाऱ्याला निदान गप्प तरी बसवता येतं, भुकेला बसवता येत नाही. टाळ्या आल्या, पण बेताच्याच.

बक्षीस पुण्याच्या जोडीला गेलं. त्यांनी व्याख्या वगैरे काही केली नाही. एकजण टेबलावर मूठ आपटत होता, दुसरा डोळ्यांत पाणी आणत होता. परीक्षक म्हणाले, सांगलीच्या वक्त्यांचा अभ्यास चांगला, पण भाषणात उष्णता कमी पडली. अण्णा माझ्या कानाशी पुटपुटले, "उष्णता पाहिजे तर चुलीपुढं बसावं म्हणावं."

बाहेर आल्यावर त्याची आई मुलाला म्हणाली, "तुमी भांडलाच न्हाई की रं! मी म्हटलं, आता ह्यो हिला आडवी पाडतोय, का ही ह्येला. तर 'व्हय' म्हनतोय दोघंबी!" भाऊ हसला आणि म्हणाला, "आये, पलटणीत हुकमाला जवान 'व्हय' म्हणतो. आपणहून 'व्हय' म्हणायला लय डोकं लागतं." आईला ते फारसं पटलं नाही. पण तिनं मला जवळ घेतलं, माझं खादीचं पातळ बोटांनी चाचपून पाहिलं आणि सांगितलं, "जाड हाय, टिकंल."

अण्णांनी सगळ्यांना पेढे घेतले. मोतीचौकात उभं राहून आम्ही ते खाल्ले. थंडीचे दिवस होते, अजिंक्यताऱ्यावर ऊन पडलं होतं आणि बक्षीस गेल्याचं दुःख आम्हा कुणालाच नव्हतं. अण्णा त्याच्या भावाला गुळाच्या भावाबद्दल विचारत होते. आम्ही दोघं परीक्षकांच्या नकला करत होतो.

पदवी झाल्यावर तो गावी गेला. मी मुलींच्या शाळेत लागले आणि पुढं कॉलेजात अर्थशास्त्र शिकवू लागले. त्यानं तिकडच्या शेतकऱ्यांना जमवून गुळासाठी एक सामाईक कोठार उभं केलं. घाईनं विकायला नको, सगळ्यांनी मिळून थांबायचं, आणि ज्याला नड असेल त्याला ठेवलेल्या गुळावर उचल द्यायची. कोठाराला ओल लागू नये म्हणून जमीन कशी करायची, हे विचारायला तो अण्णांकडेच आला. अण्णांनी दिवसभर बसून सांगितलं. संध्याकाळी आई म्हणाली, "अहो, हे असंच सगळीकडे झालं तर तुमच्या अडतीचं काय?"

"ते बघू," अण्णा म्हणाले. "पण ओल लागून माल सडलेला मला बघवत नाही, कुणाचा का असेना."

त्यानंतर दर वर्षी हळदीच्या हंगामात तो सांगलीला यायचा. दुकानात गादीवर अण्णांच्या शेजारी बसायचा, आणि दोघांचं सुरू व्हायचं. त्याच्या कोठाराला भांडवलशाही म्हणायचं की समाजवाद, ह्यावर त्यांचं कधीच एकमत झालं नाही. अण्णा म्हणायचे, समाजवाद. तो म्हणायचा, शेतकऱ्यांनी शेअर घेतलेत, मग भांडवलशाहीच. मी कॉलेजातून परतताना दुकानात डोकावले की दोघंही माझ्याकडे वळायचे, निकाल सांग म्हणून. मी चपला काढून गादीच्या कडेला बसायचे, समोरच्या हॉटेलात चहा सांगायचे, आणि दोघांचंही आधी नीट ऐकून घ्यायचे.