नीट हाक मारा, मग उठते

परवा व्हिडिओ कॉलवर तू सहज म्हणालीस, "आजी, शाळेत मी आता छोटं नाव घेतलंय. इथल्या टीचरना माझं नाव म्हणता येत नाही. चालेल ना?" तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली आणि मी उठून गेले. शिट्टी निमित्त होती. मला नीट, क्रमाने उत्तर द्यायचं होतं. ते हे. धाकट्या भावालाही वाचून दाखव.

माझं नाव तुला ठाऊक आहे. ते माझ्या आजीचं, आणि त्याच्या मधोमध ळ आहे. पहिल्यांदा ते धोक्यात आलं माझ्या लग्नात. आपल्याकडे ताटात तांदूळ पसरून नवरा अंगठीने नवरीचं नवं नाव लिहितो. तुझे आजोबा अंगठी धरून बसले, आणि मी म्हणाले, "आहे तेच लिहा."

सासूबाई उरणच्या मिठागरवाल्यांच्या घरातल्या, बोलायलाही तशाच खारट. "आमच्यात नाव बदलतात. त्याबिगर सून घरची होत न्हाय."

"मग पाहुणी म्हणून राहीन, आई. पण पाहुणीला चहा हातात आणून द्यावा लागतो."

"इंग्रजी शिकलेली हाय, तोंडाला कुलूप न्हाय," त्या बाकीच्या बायकांकडे वळून म्हणाल्या. बायका खिदळल्या. आजोबांनी मान खाली घालून आहे तेच लिहिलं. चहा मला कुणी कधी आणून दिला नाही. पण सासूबाई अखेरपर्यंत त्याच नावाने हाक मारत राहिल्या, ओटीवरून, अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशी.

एवढं भांडून राखलेलं नाव घेऊन मी न्हावा शेव्याच्या बंदरावर एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात लागले. परदेशी जाणाऱ्या मालाची कागदपत्रं बघायचं काम. माणसं देशभरातून आलेली, मनाने वाईट नव्हती. पण एकाने ळचा ल केला, दुसऱ्याने मागचा अर्धा भाग गाळला आणि तिसऱ्याने उरलेल्याला इंग्रजी शेपूट लावलं. ते शेपूटवालंच रुळलं. मी दुरुस्त करायची, तर म्हणायचे, "मॅडम, इतना टफ नाम! किसको बुलाया, समझ में आ गया ना? बस!"

त्याच ऑफिसात बेल्जियमच्या एका बंदराचं नाव साहेबांनी सगळ्यांकडून घोकून घेतलं होतं. झेब्रुखे. चुकीचं म्हटलं तर तिकडच्या पार्टीला काय वाटेल, म्हणून. आठवड्याभरात सगळ्यांना आलं. एकदा डबा उघडता उघडता मी विचारलं, "ज्यांची जीभ झेब्रुखेपर्यंत जाऊन येते, त्यांची उरणपर्यंत का येत नाही?" सगळे हसले. आणि जेवण झाल्यावर पुन्हा शेपूट.

तेव्हापासून मी त्या हाकेला ओ देणं बंद केलं. मॅडम चिडल्या, अशी कुजबुज व्हायची. चिडले नव्हते. ज्या बाईला हाक मारत होते ती तिथे नव्हती, एवढंच. काही जण दमून माझ्या टेबलाशी येऊन "जरा ऐका" म्हणू लागले. तेही चालायचं मला.

मग आला माझ्या निरोपाचा दिवस. हॉलमध्ये खुर्च्या मांडलेल्या, शाल, नारळ, समोसे. साहेबांनी माईक घेतला, माझं चार शब्द कौतुक केलं आणि मला पुढे बोलावलं. शेपटासकट.

मी बसून राहिले.

शेजारची सहकारी कानाशी लागली, "अहो, तुम्हाला बोलावतायत."

"मला नाही. जिला बोलावलंय तिला जाऊ दे."

"आज तरी जाऊ द्या ना! शेवटचा दिवस आहे."

"म्हणूनच."

साहेबांनी पुन्हा तेच नाव घेतलं, जरा मोठ्याने. आवाज चढवून नाव सुधारत नाही. खोटं कशाला सांगू, क्षणभर उठावंसं वाटलं. पण चुकीच्या नावाने शाल पांघरून घरी गेले असते, तर ती शाल कपाटातही ठेववली नसती. तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "सर, झेब्रुखे जैसा ट्राय करो!"

हशा पिकला. साहेबांनी शाल टेबलावर ठेवली, कपाळ पुसलं आणि एकेक अक्षर करत माझं नाव घेतलं. ळ जरा जाडाच आला, ड आणि ल यांच्या मधला. पण आपली जीभ त्यांनी पहिल्यांदाच तिथवर पाठवली होती. मी उठले. शाल घेतली, नारळ घेतला, माईकही घेतला आणि सगळ्या हॉलकडून एकदा म्हणवून घेतलं. समोसे गार झाले. होऊ देत.

आता तुझं. तुझ्या टीचरना तुझ्या नावातला ण येत नाही, कारण त्यांना तो अजून कुणी शिकवलेला नाही. तू शिकव. सुरुवातीला चुकतील, तेव्हा हसू नकोस. छोट्या नावाने हाक आली तर पुस्तकात डोकं घालून बस. रागावल्या तर सांग, आजीने बसायला सांगितलंय. धाकटा शाळेत शिकलेली डायनासोरांची वीतभर लांब नावं न अडखळता म्हणतो, म्हणजे तुमच्या शाळेत जिभा चांगल्या आहेत.

चालेल ना, असं विचारलं होतंस. नाही चालणार.