सत्तेचाळीस नंबरची टाच

टेलरमावशीच्या उजव्या तर्जनीची वरची दोन पेरं मिळून बरोबर दोन इंच भरतात. हे तिला कुणी सांगितलेलं नाही. बावीस वर्षं कापड बेतताना तिने ते शंभरदा ताडून पाहिलं आहे. टेप सापडेनाशी झाली तरी तिची कात्री कधी अडून राहिली नाही. गिऱ्हाईक हसायचं, "मावशी, बोटाने काय मोजता?" ती म्हणायची, "टेप ओढली की वाढते बाबा. बोट वाढत नाही."

पुढे मशीन चालवून चालवून गुडघे गेले आणि दुकानाला कुलूप लागलं. त्याच सुमारास मोठ्या दवाखान्यातल्या जखमांच्या विभागाला एक माणूस हवं होतं. शिक्षण बेताचं चाललं असतं, हात मात्र स्थिर हवा होता. तिथली सिस्टर मावशीचं जुनं गिऱ्हाईक. तिने मावशीला कॉम्प्युटरपुढे बसवलं, पडद्यावर झाडाच्या एका पानाचं चित्र आणलं आणि म्हणाली, "याच्या कडेकडेने रेघ फिरवा." मावशीने आयुष्यात पहिल्यांदा माउस हातात घेतला. खडूने कापड आखावं तशी रेघ सावकाश फिरवली आणि जिथून निघाली होती तिथेच आणून मिटवली. विभागाच्या डॉक्टरीणबाई मागे उभ्या राहून बघत होत्या. "उद्यापासून या," एवढंच त्या म्हणाल्या.

तेव्हापासून सहा वर्षं मावशी दुसऱ्या मजल्यावरच्या त्या अरुंद खोलीत बसते. खाली ड्रेसिंगच्या खोलीत सिस्टर दर आठवड्याला प्रत्येक जखमेचा फोटो काढते. फोटोत चेहरा नाही, नाव नाही, फक्त नंबर. जखमेशेजारी कागदाची एक छोटी पट्टी ठेवलेली असते, तिच्यावर पाच सेंटीमीटरच्या खुणा. फोटो कधी जवळून निघतो, कधी लांबून, त्यामुळे पडद्यावर काय किती मोठं दिसतं याला अर्थ नसतो. सगळी भिस्त त्या पट्टीवर. मावशी आधी पट्टीवरून एक सरळ रेघ ओढते आणि प्रोग्रामला सांगते, हे पाच. मग जखमेच्या कडेने रेघ फिरवते. लाल कुठे संपतं, नवी गुलाबी कातडी कुठे सुरू होते, हे हेरणं म्हणजे खरं कसब. रेघ मिटली की प्रोग्राम जखमेचं क्षेत्रफळ सांगतो. त्या आकड्यावर खाली औषध ठरतं, ड्रेसिंग किती दिवसांनी बदलायचं ते ठरतं, माणसाने चालायचं की नाही तेही ठरतं.

इतकं असून मावशीने त्यातली एकही जखम प्रत्यक्ष पाहिली नव्हती. तिला पाहायचीही नव्हती. "पडद्यावर वास येत नाही, ते बरंय," असं ती घरी सांगायची.

सत्तेचाळीस नंबर म्हणजे एक टाच होती. साखरेच्या आजाराने पाय बधिर झालेल्या कुणाची तरी. जखमेच्या डाव्या कडेला घेवड्याच्या दाण्यासारखा एक खळगा होता, तो मावशीला अंगणाच्या वाटेइतका पाठ झाला होता. सात आठवडे ती जखम बारा चौरस सेंटीमीटरच्या आसपास अडून बसली होती. आणि मग एके दिवशी आकडा आला आठ.

मावशी स्वतः जिना उतरून सांगायला गेली, दुखऱ्या गुडघ्यांनी. डॉक्टरीणबाईंनी टाळी वाजवली. "नवं मलम लागू पडलं! मावशी, तुमच्या तोंडात साखर पडो, पण सत्तेचाळीसच्या नको." सगळे हसले. पुढच्या आठवड्यात आकडा आठ दशांश चार आला, त्याच्या पुढच्या आठवड्यात आठ दशांश नऊ. थोडं वरखाली व्हायचंच, असं सगळ्यांनी मानलं. बारापेक्षा ते कमीच होतं. सत्तेचाळीस नंबरला कामावर जायची परवानगी मिळाली.

त्यानंतरच्या शनिवारची गोष्ट. सिस्टर फोटोंचं कार्ड द्यायला वर आली तेव्हा तिच्या खिशातून चार पट्ट्या टेबलावर सांडल्या. ती गेल्यावर एक तिथेच राहिली. सहा वर्षं रोज पडद्यावर पाहिलेली ती पट्टी मावशीच्या हातात आली ती त्या दिवशी पहिल्यांदा. मागची बाजू कोरी होती. मावशीने तिच्यावर बाजाराची यादी लिहिली: साबण, बटाटे, बल्ब.

दुपारी घरी आल्यावर सामान ताडून बघताना तिने पट्टी बोटावर धरली. साबण आला, बटाटे आले. आणि बोट थांबलं. दोन पेरं म्हणजे दोन इंच, म्हणजे पाच सेंटीमीटर; पट्टीवरच्या खुणा मात्र दोन पेरांच्या पुढे गेल्या होत्या. चांगल्याच पुढे.

"अहो," ती म्हणाली, "तुमची पट्टी द्या."

तिचा नवरा चाळीस वर्षं कारखान्यात लेथवर होता. निवृत्त होऊनही सगळे त्याला फोरमनच म्हणतात. त्याच्याकडे पोलादी पट्टी आहे, तेलाच्या फडक्यात गुंडाळलेली. त्याने चष्मा कपाळावर चढवला. "लग्नाला अडतीस वर्षं झाली, आजवर तिला कधी हात लावला नाहीस. आज काय, बटाटे सोलायचेत तिने?"

"मापायचंय."

तिच्या आवाजाने तो उठला. पट्टी काढून त्याने कागद तिच्यावर ठेवला आणि हसायला लागला. "अगं, तुमच्या दवाखान्यातले पाच सेंटीमीटर खाऊन-पिऊन सुखी दिसतात! सहा आणि वर दोन मिलिमीटर."

मावशी हसली नाही. बल्बाचं खोकं तिच्या एका हातात तसंच होतं. "परत बघा."

"कितीदा बघू? सहा दशांश दोन. कागद तो, छापताना थोडा..."

"तुमच्या लेथवर एवढा फरक पडला असता तर?"

फोरमनचं हसू विरलं. "घरी पाठवलं असतं मला," तो म्हणाला. मग हळू आवाजात, "नाहीतर कुणाचा तरी हात गेला असता."

पुढचा हिशेब त्यानेच वर्तमानपत्राच्या कडेला मांडला. पट्टी सव्वापट मोठी, म्हणजे जखम लांबीला तेवढी कमी दिसली, रुंदीलाही तेवढी कमी. क्षेत्रफळात दीडपटीहून जास्त फरक. आठ म्हणजे बारा दशांश तीन. शेवटचं आठ दशांश नऊ म्हणजे तेरा दशांश सात.

"वाढतेय ती," मावशी म्हणाली. "तीन आठवडे वाढतेय. आणि मी जिना उतरून सांगायला गेले होते, कमी झाली म्हणून." एका आठवड्यात एवढी जखम भरते का कधी? सहा वर्षांत भरलेली पाहिली होती का तिने? आकडा चांगला होता, म्हणून त्याला कुणी काही विचारलं नव्हतं. तो प्रोग्रामही बिचारा इमानी. हे पाच, असं तिने सांगितलं आणि त्याने ते मानलं.

दोघं तसेच दवाखान्यात गेले. सिस्टर ड्युटीवर होती. मावशीने पोलादी पट्टीवर कागदाची पट्टी ठेवून नुसती पुढे केली. सिस्टरने दोन्ही पट्ट्या खिडकीच्या उजेडात धरून पाहिल्या.

"कंपनीकडून येणाऱ्या छापील पट्ट्या संपल्या होत्या," ती म्हणाली. "मीच ऑफिसातून छापून घेतल्या. छपाईच्या मशीनने पान भरावं म्हणून चित्र मोठं केलं असणार. कापल्याही मीच, मावशी. दोनशे कापल्या. एक वाकडी नाही हो त्यातली." ती स्टुलावर बसली आणि हातातल्या कात्रीकडे बघत राहिली.

"सत्तेचाळीस नंबर कोण आहे?" मावशीने विचारलं. हे तिने कधी विचारायचं नाही असा नियम होता. सिस्टरने रजिस्टर उघडलं. मागच्या गल्लीतला इस्त्रीवाला. दिवसभर उभं राहायचं काम.

सिस्टरने डॉक्टरीणबाईंना फोन लावला. तिने सगळं सांगितलं. पलीकडून आवाज आला, "त्याला उभं राहू देऊ नका. मी निघाले." इस्त्रीवाल्याचा फोन नुसता वाजत राहिला, म्हणून तिघं पायीच निघाली. मावशीचे गुडघे त्या दिवशी दुखले की नाही, हे तिला आजही आठवत नाही.

दुकान म्हणजे एक टेबल, एक इस्त्री आणि मागे कपड्यांचे गठ्ठे. तो उभा होता.

"अरे, सिस्टर! काय, कोट आणलात इस्त्रीला?"

"आधी बसा."

"एवढी बाही होऊ दे, गिऱ्हाईक खोळंबलंय."

"बसा म्हणते ना!"

तो दचकून बसला. सिस्टरने बूट काढला. पायमोजा टाचेला चिकटला होता. पाणी लावून सोडवावा लागला. आणि मग मावशीने ती टाच पाहिली. डावीकडचा घेवड्याच्या दाण्याएवढा खळगा तिने लगेच ओळखला. तो आता लांबट झाला होता. सहा वर्षांत रेघ कुठे वळवायची हे तिला कधी कुणाला विचारावं लागलं नव्हतं, पण जखमेला एवढी खोली असते हे तिला ठाऊक नव्हतं. वासही येत होता. तिने दुकानाच्या चौकटीला हात टेकला.

फोरमनने पोलादी पट्टी पुढे केली. सिस्टरने ती पुसून टाचेशेजारी धरली आणि फोटो काढला.

"बरं होतंय ना?" इस्त्रीवाल्याने विचारलं.

मावशी म्हणाली, "नाही. वाढलंय. माझा आकडा चुकला."

"तुमचा? तुम्ही कोण, ताई?"

"तुमच्या टाचेभोवती दर आठवड्याला रेघ ओढते ती मी."

इस्त्रीवाल्याने टाचेकडे पाहिलं. "पायमोजा रोज ओला व्हायचा," तो म्हणाला. "बायको म्हणायची, जाऊन दाखवा. मी म्हटलं, अगं, बाराचं आठ झालंय. कॉम्प्युटरने मोजलंय, तो काय माझा मेव्हणा आहे खोटं बोलायला?" स्वतःच्याच बोलण्यावर तो हसला. मग त्याने तिघांचे चेहरे पाहिले आणि त्याचं हसू अर्ध्यावरच राहिलं. "पाय जाणार का माझा?"

सिस्टर जखमेवर स्वच्छ कापड बांधू लागली. मागे टेबलावर इस्त्री तशीच टेकलेली होती. बाही जळल्याचा वास आला तेव्हा फोरमनने इस्त्री उचलून बाजूला ठेवली.

त्याच संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी टाचेचं सडलेलं मांस काढलं. जखम हाडापर्यंत पोचायला थोडंच राहिलं होतं. आणखी एक आठवडा गेला असता तर पाय काढावा लागला असता, असं त्या म्हणाल्या. त्या तीन आठवड्यांत अकरा जणांच्या जखमा त्या पट्टीने मोजल्या गेल्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी अकराही जणांना बोलावून तोंडावर सांगितलं की चूक आमची. इतरांचं फारसं बिघडलं नव्हतं. तेहतीस फोटोंवर मावशीने पुन्हा रेघा ओढल्या, या वेळी पट्टीला सहा दशांश दोन म्हणत. रेघ निघायची आणि मिटायच्या जागी दुसरीकडेच पोचायची. पुसायची, पुन्हा ओढायची. तेहतीस फोटोंना तिला आठ दिवस लागले.

फोरमनने ती पोलादी पट्टी परत मागितली नाही. फडक्यासकट ती आता मावशीच्या टेबलावर असते. पट्ट्यांचा नवा गठ्ठा आला की सिस्टर आधी तो वर घेऊन येते. मावशी एक पट्टी बोटावर धरते, मग पोलादावर, आणि मान हलवल्याशिवाय गठ्ठा खाली जात नाही.

पाच महिन्यांनी सत्तेचाळीस नंबरचा फोटो आला. मावशीने रेघ फिरवली, मिटवली. शून्य दशांश नऊ. एवढा चांगला आकडा त्या टाचेने कधी दिला नव्हता. मावशीने पट्टीवरची रेघ पुन्हा ओढून पाहिली, तोच आकडा आला. मग तिने पोलादी पट्टी खिशात घातली आणि कठड्याला धरून एकेक पायरी उतरत खाली गेली.

इस्त्रीवाला ड्रेसिंगच्या खाटेवर पाय लांब करून बसला होता. तिला पाहून त्याने स्वतःच टाच वळवून दाखवली.

"या ताई," तो म्हणाला, "मोजा. पण आधी मला विचारा. आज पायमोजा कोरडा आहे."