खांद्यावरचा पट्टा

मलकापूरच्या एका जिनिंगमध्ये बाबा फिटर होते. संध्याकाळी घरी आले की भुवयांवर कापूस आणि अंगाला सरकीचा वास. आई आधी त्यांना अंगणात झटकायची, मगच चहा. तो वास आता कुठंच येत नाही आणि मला त्याची फार आठवण येते.

तिथल्या फिटर लोकांची एक रीत होती. मशीनमध्ये हात घालण्याआधी चाकावरचा पट्टा उतरवायचा आणि स्वतःच्या खांद्यावर टाकायचा. मग कुणाच्या बापाला ते मशीन सुरू करता येत नसे. एकदाच बाबांनी आळस केला, पट्टा चाकावरच ठेवला. सोबतच्या माणसानं बटण दाबलं. बाबांची दोन बोटं गेली.

मी अंतराळात दुरुस्तीसाठी लागणारी अवजारं तयार करते. बाबांच्या शेवटच्या दिवाळीत आमचा यांत्रिक हात मंजुरीला जायचा होता. तीन वर्षांची मेहनत. हा हात बिघडलेला उपग्रह धरून ठेवतो आणि अंतराळवीर शेजारी तरंगत त्याचे स्क्रू खोलतो. मी मोठ्या ऐटीत बाबांना मोबाइलवर चाचणीचा व्हिडिओ दाखवला.

"हा हात चालवते कोन?"

"यानात बसलेला माणूस."

"अन् बाहेरच्याचे बोटं तिथं असतानी त्यानं चालू केला तं?"

"तो पडद्यावर सगळं पाहत असतो, बाबा."

"माह्यावाला बी पाहूनच राह्यला होता."

माझं डोकंच फिरलं. जिनिंग कुठं आणि अंतराळ कुठं, असं काहीबाही फाडकन बोलून गेले. परतीच्या गाडीत भुसावळ येईपर्यंत राग उतरला आणि बाबांचा प्रश्न खरा आहे हे लक्षात आलं. ऑफिसात जाऊन सांगितलं, हात बंद करायची कळ बाहेरच्या माणसाच्या छातीवर हवी. त्यानं बंद केला की आतून कुणालाही चालू करता येऊ नये. साहेब धुसफुसले. मंजुरी लांबली.

आठवड्यानं बाबांचा फोन आला. "झालं का वं पास?"

"कसलं पास! तुमच्या प्रश्नानं अडवून ठेवलंय," मी म्हणाले. थट्टाच होती.

ते म्हणाले, "माह्यापायी अडलं का तुह्यं? मले काय समजते त्यातलं. तू आयकू नको माह्यं."

मला मीटिंगला बोलावत होते. "नंतर बोलते," म्हणून मी फोन ठेवला.

कळ मंजूर झाली तेव्हा बाबांना जाऊन महिना झाला होता. त्यांच्यामुळं उद्या कुणाचा तरी हात वाचेल, हे मी साऱ्या ऑफिसला सांगितलं. बाबांना सांगायचं राहिलं.