एकतीसचे दोन दगड

आमच्या घरात रस्त्याला नातेवाइकाचा मान आहे. माझे काका, म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ, बांधकाम खात्यात रंगारी. राज्य महामार्गावरचे किलोमीटरचे दगड रंगवायचे, हे त्यांचं काम. गाव त्यांना मैलकाका म्हणतं, कारण किलोमीटर येऊन जमाना झाला तरी त्यांच्या तोंडातून मैल काही जात नाही. जेवायला बसले की रस्त्याची कुळकथा सुरू.

ती आम्हाला तोंडपाठ आहे. आधी नुसती बैलगाडीची चाकोरी, नदीवरच्या नावेपर्यंत जाणारी. मग खाणीतला दगड शहरात न्यायचा म्हणून खाणवाल्याने तिच्यावर खडी टाकली. पुढे पूल झाला, नाव बंद पडली, आणि नावाड्याने पुलाच्या तोंडाशीच चहाची टपरी टाकली. मग सरकारने रस्त्याला नंबर दिला, डांबर दिलं, आणि शहरातल्या शून्यापासून आमच्यापर्यंत दगड रोवले. मधल्या टेकडीला मात्र रस्ता लांबलचक वळसा घालायचा. का, तर म्हणे मोजणीवाल्या साहेबाचं घोडं चढ चढेना. खरं-खोटं त्या घोड्याला ठाऊक.

गेल्या वर्षी ती टेकडी कापली. रस्ता सरळ झाला, तीन किलोमीटरने आखूड झाला, आणि टेकडीपासून आमच्या बाजूच्या सगळ्या दगडांवरचा आकडा तीनने उतरवायचं ठरलं. यात रंगाऱ्यांचा एक साधा नियम असतो. सुरुवात टेकडीकडून करायची. शेवटच्या टोकाकडून केली, तर इथे नवा एकतीस रंगतो आणि तीन किलोमीटर अलीकडे, शहराच्या बाजूला, जुना एकतीस तसाच उभा राहतो. एका रस्त्यावर एकाच आकड्याचे दोन दगड. हे काकांनीच आम्हाला ताटाशेजारी पाण्याचं बोट ओढून समजावलं होतं.

आणि त्यांनीच ते मोडलं. उद्घाटनाला साहेब लोक आमच्या टोकाला येणार होते, फोटो निघणार होते. आपले ताजे, ठसठशीत आकडे फोटोत यावेत, एवढीच हौस. पहिला हात मारला तो पंक्चरवाल्याच्या दुकानासमोरच्या दगडावर. चौतीसचा एकतीस झाला. पंक्चरवाला म्हणजे काकांचा लंगोटीयार. तो दुकानातूनच ओरडला, "मैल्या, तीन किलोमीटर गिळलेस की रे!" काका हसले, रंगाचा डबा उचलून घरी आले. बाकीचे दगड उद्घाटनानंतर बघू म्हणाले.

त्याच संध्याकाळी पंक्चरवाला टायर काढता काढता कोसळला. त्याच्या बायकोने, म्हणजे सगळ्या गावाच्या वहिनींनी, फोन लावला आणि कुठे आहात विचारल्यावर दारासमोरचा दगड वाचून सांगितला. एकतीस. ॲम्ब्युलन्स शहरातून निघाली आणि तिला आधी भेटला तो खाणीच्या फाट्यावरचा एकतीस. रस्त्यावर कोणी दिसेना म्हणून ड्रायव्हर आत खाणीकडे वळला. खाणीत फोनला रेंज नाही. तो रिकाम्या शेडमधून हाका मारत फिरला, आणि इकडे वहिनी रस्त्यावर उभ्या. तो पोचला तेव्हा फार उशीर झाला होता. पंक्चरवाला वाचला, पण उजवं अंग लुळं पडलं, वाचा गेली. थोडं आधी आणायला हवं होतं, असं डॉक्टर म्हणाले.

काकांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला असणार. उजाडताच ते फाट्यावर गेले आणि एकतीस रंगाने झाकून त्यावर अठ्ठावीस चढवून आले. उद्घाटनाच्या फोटोत त्यांचा दगड आहे, ते नाहीत. पुढच्या काही दिवसांत सगळा रस्ता बिनचूक झाला.

ड्रायव्हरला घरी बसवलं. चौकशी लागली. तो बिचारा गावात आला, टपरीवर उभा राहून सांगू लागला, "फाट्यावर एकतीसच होता, आईशपथ." लोकांनी त्याला फाट्यावर नेऊन अठ्ठावीस दाखवला. कोणी म्हणालं, आधी आकडे शिकून ये. सगळे फिदीफिदी हसले. काका गर्दीतच होते. ड्रायव्हरने त्यांना ओळखलं. "तुम्हीच रंगवता ना? तुम्ही सांगा ना यांना."

"दगडावर अठ्ठावीस आहे," काका म्हणाले.

त्यात खोटं एक अक्षर नव्हतं. मला काकांचा राग येतो तो इथे. चूक माणसाच्या हातून होते. पण हे वाक्य त्यांनी नीट निवडून घेतलं होतं.

त्यानंतर जेवताना रस्त्याची कुळकथा बंद झाली. काकू विचारून थकल्या. काका रोज पंक्चरवाल्याकडे जाऊन त्याच्या शेजारच्या स्टुलावर बसत, मान खाली घालून परत येत. एक दिवस मला म्हणाले, "तू चल बरोबर. मला एकट्याला जमत नाहीये." वाटेत त्यांनी मला सगळं सांगितलं. मला तिथेच, भर रस्त्यात, लाज वाटली. त्यांची, आणि त्या हसणाऱ्यांत मीही होते याची.

वहिनी आता पंक्चर स्वतः काढतात. घमेल्यात ट्यूब दाबून बसल्या होत्या. पंक्चरवाला खुर्चीत.

"वहिनी, तो दगड... चूक माझी होती. मी सुरुवात उलट्या टोकाकडून केली."

वहिनींनी बुडबुड्यांवरची नजर हलवली नाही. "माहीत आहे मला. फोन करताना दगडाला हात टेकला होता मी. रंग लागला. ओला होता. आणि सकाळी दवाखान्यातून पैसे न्यायला घरी येत होते, तेव्हा फाट्यावर तुम्ही दिसलात. ब्रश हातात."

"मग बोलला का नाहीत?"

"रोज येत होतात. म्हटलं आज सांगतील, उद्या सांगतील."

काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. धरणी पोटात घेईल तर बरं, असा चेहरा.

"पण मला सांगून काय उपयोग, भाऊजी?" वहिनी म्हणाल्या. "त्या ड्रायव्हरला सांगा."

चौकशीच्या साहेबांना आणि ड्रायव्हरला काकांनी फाट्यावर बोलावलं. टपरीवरचे सगळे आलेच. काकांनी लोखंडी पट्टीने आपला अठ्ठावीस खरवडायला घेतला. पापुद्रे गळाले आणि खालून एकतीस वर आला, त्यांच्याच हातचा, सुबक. या वेळी कोणी हसलं नाही. ड्रायव्हरने दगडाकडे बघितलं, साहेबांकडे बघितलं, काकांकडे बघितलंच नाही. त्याने दोन शिव्या दिल्या असत्या तर काका घरी येऊन जेवले तरी असते.

ड्रायव्हर कामावर परत घेतला गेला. काकांच्या हातून दगड काढून घेतले. उरलेला रंगाचा डबा गोदामात जमा करायला ते निघाले तेव्हा मी सोबत होते. पंक्चरवाल्याच्या दुकानासमोरून त्यांना मान वळवून पुढे जायचं होतं. पण खुर्चीतून आवाज आला. तोंड वाकडं करून, जोर लावून, पंक्चरवाला काहीतरी म्हणत होता. "मै... ल्या."

त्याने डाव्या पायाने ते नेहमीचं स्टूल काकांकडे ढकललं. काकांना बसवेना. डबा हातात घट्ट धरून ते रस्त्याच्या कडेलाच उभे राहिले, आणि पंक्चरवाल्याने स्टूल आणखी थोडं पुढे सरकवलं.