गाळातली कासवं आणि माझा जबाब

ही गोष्ट मी घरातही कधी सांगितली नाही. निवृत्तीच्या दिवशी कुणीतरी माझ्या स्वच्छ नोकरीबद्दल बोललं, तेव्हा मी हारातली पाकळी चुरगाळत बसलो होतो. आता लिहितो, कारण त्या प्रकरणात एका माणसावर जो डाग पडला, तो मी पाडलेला आहे.

मी सोलापुरात सरकारी नोकरीत होतो. जिल्ह्यातल्या लहान तलावांची कामं माझ्याकडे असायची. अक्कलकोटच्या बाजूला एक पाझर तलाव होता, उन्हाळ्यात पूर्ण आटणारा. एका वर्षी त्यातला गाळ काढून शेतांत टाकायचं ठरलं. त्याआधी पाहणीचा फॉर्म भरायचा होता आणि त्यात जलचरांचा रकाना होता. तळाला भेगा पडल्या होत्या. पाणीच नाही तिथं जलचर कसले, म्हणून मी 'निरंक' लिहिलं आणि सही केली.

त्या तलावात मासे धरणारा एक म्हातारा होता. सगळे त्याला मामा म्हणत, मीही म्हणायचो. गाळ काढायचं यंत्र आलं त्या सकाळी तो हातात सळई घेऊन बांधावर उभा होता.

"सायेब, आठ दिस थांबा की. खाली कासवं हायत."

"कोरड्या तलावात?"

"कोरडा वरनं हाय. पानी आटलं की ती गाळात उतरत्यात आन् पाऊस पडस्तवर तितंच निजत्यात. बघा."

त्यानं सळई हलक्या हातानं गाळात घातली. हातभर खाली ती अडली. मग गुडघे टेकून त्यानं माती उकरली आणि ताटलीएवढं, मऊ पाठीचं एक कासव वर काढलं. कासवानं मान आत घेतली, मागचे पाय ओढून घेतले आणि त्यांवरची कातड्याची झाकणं मिटली. तेवढ्यावरूनच ते जिवंत आहे हे कळलं.

यंत्राचा ड्रायव्हर वरून म्हणाला, "मामा, कासवासाठी थांबायचं म्हंजे मला सशागत झोपावं लागंल की!"

"झोप की मग. तुजं यंत्र बी जरा गार हुईल," मामा म्हणाला. सगळे हसले. मग तो माझ्याकडे वळला. "ही मेलेलं-सडलेलं खात्यात, सायेब. ही हायत म्हनून पानी नासत न्हाय. गावतील तेवढी काढतो आन् खालच्या हिरीत सोडतो."

पाऊस तोंडावर होता आणि यंत्र पुढच्या गावाला द्यायचं होतं. "काम चालू असताना बाजूनं काढा," मी म्हणालो. ते शक्य नव्हतं, हे मला बोलतानाच माहीत होतं.

आठवड्याभरात रस्त्याकडेच्या एका शेतात, पसरलेल्या गाळात, फुटलेल्या पाठीची कासवं दिसली. कुणीतरी फोटो काढले आणि ते मोबाईलवरून फिरले. कायद्यानं संरक्षण असलेली जात, त्यामुळं चौकशी आली. कासवं गाळातूनच आली असं ठरलं असतं, तर माझं 'निरंक' खोटं पडलं असतं.

मी लेखी जबाब दिला. पाहणीच्या वेळी तलाव कोरडा होता. जलचर दिसले नाहीत. तलावावर मासेमारी करणारा एक इसम सळईनं गाळ टोचताना आढळला होता. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. सळई कशासाठी होती, तेवढं मी लिहिलं नाही.

मामाच्या झोपडीत अर्ध्या कापलेल्या पिंपात, ओल्या चिखलात, पाच कासवं सापडली. विहिरीत सोडण्याआधी ठेवलेली. एवढ्या पुराव्यावर त्याला धरून नेलं. दोन दिवसांनी तो सुटला, पण गावात तो कासवं मारून विकणारा ठरला होता. तलाव मासेमारीसाठी दुसऱ्याला दिला गेला. तो सोलापूरला मुलाकडे आला आणि अक्कलकोट रोडला एका टॉवेलच्या कारखान्यात वॉचमन झाला.

पावसाळ्यात तलाव काठोकाठ भरला. गावकरी खूश होते. हिवाळ्यात मी पाहणीला गेलो, तेव्हा कडेला मेलेले मासे तसेच फुगत पडले होते आणि वाऱ्यासोबत वास येत होता. अहवालात मी पाणीसाठ्याची पातळी लिहिली.

निवृत्त झाल्यावर एकदा कारखान्याच्या फाटकावर गेलो. काय बोलायचं ते रिक्षात मनाशी घोकलं होतं.

"सायेब! हितं कुटं?" मामानं स्वतःचं स्टूल मला दिलं आणि चहा सांगितला. "लई बरं केलं आलात. तुमी शब्द टाकला म्हनून मी दोन दिसांत सुटलो. न्हाय तर आमाला कोन इचारतंय?"

असं त्याला कुणी सांगितलं होतं, मला ठाऊक नाही. चहा आला, तो प्यालो.

"तितं आता दिसत्यात का वो कासवं?" त्यानं विचारलं.

"दिसतात की," मी म्हणालो.

तो खूश झाला. पार रिक्षापर्यंत सोडायला आला.

पुढं काही महिन्यांनी पुन्हा गेलो, तेव्हा त्याच्या जागी दुसरा माणूस होता. मामा वारल्याचं त्यानं सांगितलं. मला दोनच वाक्यं बोलायची होती. मामा, तुमच्याविरुद्ध ते मी लिहिलं होतं. तुम्ही कासवं वाचवत होतात हे माहीत असून लिहिलं, मला माफ करा.